एका टोचणीचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याच्या प्रदेशात, बार्शी हे जुने व्यापारी गाव आहे. भगवंताचे मंदिर, ज्वारीची आणि कडधान्यांची बाजारपेठ, व १८९७ साली धावू लागलेली अरुंद रुळांची ‘बार्शी लाइट’ आगगाडी, एवढ्यावर या गावाची कीर्ती कित्येक वर्षे उभी होती. वैद्यकाच्या इतिहासात बार्शीचे नाव लिहिले जाईल असे भविष्य कोणी वर्तविले असते, तर पेठेतल्या अडत्यांनी ते हसण्यावारी नेले असते. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रतिबंध कसा करावा याचा विचार आज जगात कोठेही सुरू झाला, की दोनदा तरी बार्शीकडे वळून पाहावे लागते. रोग आगाऊ ओळखण्यासाठी कोणती चाचणी घ्यावी, हे ठरविताना एकदा. आणि त्याची प्रतिबंधक लस मुलीला किती वेळा टोचावी, हे ठरविताना दुसऱ्यांदा.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा अरुंद भाग. येथे होणारा कर्करोग अतिशय सावकाश चालून येतो. पेशींत पहिला बिघाड झाल्यापासून खरा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे लोटतात. एवढा अवधी देणारा शत्रू विरळाच. आणि तरीही २०२२ या एका वर्षात भारतातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग जडला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. याचे कारण रोगाच्या बळात जितके आहे, त्याहून अधिक ते रोगाच्या जागेविषयी वाटणाऱ्या संकोचात आहे. ग्रामीण मराठीत ‘अंगावरून जाणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. त्यात पांढरे जाणेही येते, तांबडे जाणेही येते, आणि पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणेही येते. किरकोळ तक्रार आणि जिवावरचा इशारा ही दोन्ही एकाच शब्दाखाली झाकली जातात. बाई ते जावेला सांगते, फार तर सुईणीला सांगते. घरच्या पुरुषांच्या कानावर ते जाईपर्यंत सुगी उलटून गेलेली असते, आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत पुढची पेरणी.

हा रोग विवाहित जीवनाशी कोठेतरी जोडलेला आहे, ही शंका मात्र जुनी आहे. इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळाच्या मृत्युनोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू फार थोडे, आणि संसारी स्त्रियांमध्ये ते पुष्कळ, असे त्याला आढळले. स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे विषाणू तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नुसती दप्तरे चाळून मनुष्य किती दूरवर पाहू शकतो, याचे हे एक चांगले उदाहरण म्हणता येईल.

मुंबईतही पुढे असेच घडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. कर्करोगाचे मूळ केवळ शरीरात न शोधता लोकांच्या राहणीत, खाण्यापिण्यात आणि चालीरीतींत शोधले पाहिजे, असा या मराठी शास्त्रज्ञाचा आग्रह होता. कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने त्या जागी उद्भवणाऱ्या कर्करोगाकडेही त्यांनी १९४५ मध्ये लक्ष वेधले होते. नाना धर्मांची, नाना चालींची माणसे एकाच शहरात नांदत असल्यामुळे अशा अभ्यासाला मुंबईइतके सोयीचे ठिकाण दुसरे नव्हते. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. एखाद्या रुग्णालयापुरती नव्हे, तर साऱ्या शहराच्या लोकसंख्येची अशी ही भारतातली पहिली नोंदवही. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, ही गोष्ट या नोंदींवरून पक्की झाली. व्हेरोनाच्या मठातील कोडे मुंबईच्या रस्त्यांवरही उभे राहिले. उत्तर मात्र दोन्हीकडे मिळत नव्हते.

खेड्यांची तर नोंदच नव्हती. भारतातील बहुसंख्य स्त्रिया खेड्यांत, आणि कर्करोगाचे सारे आकडे शहरांतले, ही विसंगती दूर करण्याचे काम बार्शीकडे आले ते १९८७ मध्ये. नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ नाव दिलेले कर्करोग रुग्णालय गावात होते. त्याचा आधार घेऊन टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांची नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने ही या कामातील अग्रणी नावे.

शहरातील नोंदणीचा कारकून रुग्णालयांतून कागद गोळा करतो. बार्शीच्या भागात कागदच नव्हते, कारण पुष्कळशी माणसे रुग्णालयात न जाताच मरत होती. तेव्हा रोग्याने नोंदवहीकडे यावे हा क्रम उलटवून नोंदवहीने रोग्याकडे जावे असे ठरले. क्षेत्रकार्यकर्ते ठराविक काळाने प्रत्येक गावी जात. सरपंच, शिक्षक, पाटील, आरोग्यसेविका यांना भेटत. कोण आजारी आहे, कोण वारले, कशाने वारले याची विचारपूस करीत. आणि संशयास्पद लक्षणे असणाऱ्या माणसाला बार्शीला येण्यासाठी गळ घालीत. केवळ मोजण्यासाठी सुरू झालेल्या या कामाला एक अनपेक्षित फळ आले. काही वर्षांनी आकडेवारी पाहताना असे दिसले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. १९९५ मध्ये ही गोष्ट आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. गावात येऊन कोणीतरी अंगावरून जाण्याविषयी उघड बोलत होते, एवढाच काय तो फरक. या एका निरीक्षणाचे मोल पुष्कळ मोठ्या शोधांहून कमी नाही.

दरम्यान, जर्मनीत ते जुने कोडे सुटले होते. सत्तरीच्या दशकात बहुतेक संशोधकांचा संशय हर्पिस या विषाणूवर होता. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मात्र त्याचा माग कर्करोगाच्या पेशींत लागेना. त्यांनी आपली शंका चामखिळी उठविणाऱ्या पॅपिलोमा विषाणूवर धरली आणि सहकाऱ्यांचा अविश्वास सोसून ती तडीस नेली. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून या विषाणूचा सोळावा प्रकार वेगळा केला, आणि पुढील वर्षी अठरावा. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या व तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या पेशींतही हाच अठरावा प्रकार लपून बसलेला निघाला. तीस वर्षे सारे जग त्या पेशी काचेखाली पाहत होते आणि अपराधी तिथेच होता! त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. सोळा आणि अठरा हे दोन मात्र गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत आहेत. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जी प्रथिने आपल्या शरीरात असतात, त्यांतील दोन महत्त्वाची प्रथिने हा विषाणू निकामी करतो. लगाम सुटलेली पेशी मग वर्षानुवर्षे वाढत राहते. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. परंतु त्यावरून रोगी स्त्रीच्या शीलाविषयी तर्क करणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रौर्य आहे. साध्या, सरळ संसार करणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, अशा थोड्या स्त्रियांनाच पुढे धोका असतो. त्या थोड्या कोणत्या, हे वेळेवर ओळखावयाचे कसे, हाच खरा प्रश्न होता.

पाश्चात्त्य देशांत त्याचे उत्तर पॅपनिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी हे होते. गर्भाशयमुखावरील पेशी खरवडून काचेवर पसरावयाच्या, रंगवावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाच्या. या चाचणीने त्या देशांतील मृत्यू पुष्कळ घटविले. परंतु ती पुनःपुन्हा करावी लागते आणि तिला निष्णात डोळे लागतात. जेथे डॉक्टरच गावात टिकत नाही, तेथे पेशी ओळखणारा तज्ज्ञ कोठून आणावा? दुसरा मार्ग अगदी साधा होता. व्हिनेगर, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल, गर्भाशयमुखाला लावावयाचे. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढुरका पडतो, तो नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचा. तिसरा मार्ग नवा आणि महागडा: खुद्द विषाणूच्याच जनुकद्रव्याचा शोध घेणारी चाचणी. तिघींत सरस कोणती, हे तर्काने ठरणारे नव्हते.

ते ठरले उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आज धाराशिव आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेथील गावांचे ५२ समूह पाडण्यात आले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवड न करता, ते चार गटांत वाटले गेले. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या अभ्यासात आल्या. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरची, प्रत्येक स्त्रीची एकदाच. चौथा गट तुलनेसाठी, ज्याला आरोग्यशिक्षण आणि नेहमीची वैद्यकीय सोय एवढेच मिळाले. बार्शीचे डॉ. नेने, मुंबईच्या टाटा केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी हे काम चालविले. ज्या जिल्ह्यातील स्त्रिया या विषयावर तोंड उघडावयास तयार नसत, तेथे बोलावलेल्या दर दहा स्त्रियांपैकी जवळजवळ आठ जणी तपासणीस आल्या. खुरपणी सोडून, तान्हे मूल काखेला मारून, सासूला कशीबशी राजी करून त्या आल्या असतील. आकड्यांच्या कोष्टकात हे लिहिलेले नसते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे फळ एप्रिल २००९ मध्ये जगापुढे आले. ज्या गटात विषाणूची चाचणी झाली, त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या. तुलनेच्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. पेशींच्या किंवा व्हिनेगरच्या एकाच तपासणीने तसा ठोस फरक पडला नाही. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यापैकी एकीलाही त्या काळात या रोगाने मरण आले नाही. विषाणू नसेल तर स्त्रीला कित्येक वर्षे निर्धास्त राहता येते, हा सिद्धांत मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांनी सिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम दिला, त्यामागील प्रमुख आधारांत उस्मानाबादचा अभ्यास आहे. व्हिनेगरचीही मात्र उपेक्षा होऊ नये. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, त्याच साध्या पद्धतीने तपासणी केली, तेव्हा मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे डॉ. शास्त्री यांनी २०१३ मध्ये दाखविले.

या कीर्तीला एक काळी किनार आहे, ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही, आणि त्यांतील काही जणी मरण पावल्या. तपासणीने प्राण वाचतात हे ठाऊक असताना एका गटाला तिच्यापासून दूर ठेवणे नीतीला धरून होते काय, असा प्रश्न देशात आणि परदेशातही विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की, भारतातील खेड्यांत तेव्हा कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती. तुलना होती ती प्रत्यक्ष असलेल्या परिस्थितीशी. उत्तर खोटे नाही. परंतु परिस्थितीच जर अन्यायाची असेल, तर तिला तुलनेचे माप करावे का, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. तो त्या ६४ स्त्रियांच्या आकड्याबरोबर कायम राहणार आहे.

आता लसीकडे वळावयाचे. टोचणी महाराष्ट्राला अपरिचित नाही. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पण देवीची लस म्हणजे दुसऱ्या, सौम्य रोगाचा जिवंत विषाणू. कर्करोग करणारा विषाणू माणसाला टोचण्याचे धाडस कोण करणार? ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे इअन फ्रेझर आणि चीनहून आलेले जियान झोऊ या दोघांनी १९९१ मध्ये यावर विलक्षण तोड काढली. विषाणूच्या कवचाचे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले, की त्याचे कण आपोआप एकमेकांना बिलगून हुबेहूब विषाणूसारखी पोकळ कुपी बनते. आत जनुकद्रव्य मुळीच नाही. म्हणजे वाघाचे कातडे आहे, वाघ नाही. शरीर मात्र या कातड्याला पाहून अशी काही तयारी करते की, पुढे खरा वाघ आला तर त्याला उंबरा ओलांडता येत नाही. झोऊ १९९९ मध्ये अकाली वारले. लसीला २००६ मध्ये पहिला परवाना मिळाला तो त्यांना पाहता आला नाही. भारतात ती २००८ मध्ये आली. मुलींना ती विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, नऊ ते चौदा या वयात, दिली तर सर्वांत गुणकारी ठरते. सहा महिन्यांत तीन टोचण्या, आणि त्यांची किंमत हजारांच्या घरात. शेतमजुराच्या घरी याचा विचारही शक्य नव्हता.

तेव्हा तीनऐवजी दोन टोचण्यांनी भागेल काय, हे पाहण्यासाठी लियाँच्या त्याच संस्थेने भारतातील नऊ केंद्रांवर नवा अभ्यास हाती घेतला. बार्शी त्यांत होतीच. पुणे आणि मुंबईही होती. मिझोराममधील ऐझॉल आणि सिक्कीम होते. आणि दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीपासून फार लांब नसलेली, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही होती. दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुलींपैकी निम्म्यांना दोन आणि निम्म्यांना तीन टोचण्या द्यावयाच्या, अशी योजना होती. १ सप्टेंबर २००९ रोजी काम सुरू झाले. एप्रिल २०१० पर्यंत १७,७२९ मुलींना निदान एक टोचणी मिळाली होती, आणि अचानक सारे थांबले.

थांबण्याचे कारण या अभ्यासात नव्हते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत एका अमेरिकन संस्थेने शासनाच्या सहकार्याने वेगळाच लसीकरण-प्रकल्प चालविला होता. तेथील लस घेतलेल्या सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. श्रोत्यांपैकी पुष्कळांना तो गदारोळ आठवत असेल. चौकशीत असे निघाले की, कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी तापाने गेले होते; मृत्यूंचा संबंध लसीशी जोडता आला नाही. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती सहज सोडून देण्यासारखी नव्हती. खम्ममच्या आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. लस निर्दोष असली म्हणून ती देण्याची रीत निर्दोष ठरत नाही. आणि रीत चुकली म्हणून लसही वाईट ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत तेव्हा दोन्ही बाजूंनी झाली. लसीचे पुरस्कर्ते संमतीचा मुद्दा क्षुल्लक मानीत होते आणि तिचे विरोधक मृत्यूंचा आकडा पुराव्यासारखा फडकवीत होते. सरकारने मात्र सर्वच अभ्यासांतील टोचणी बंद करविली. वर्षानुवर्षे हा विषय पुन्हा वर आला नाही.

बार्शीच्या दृष्टीने हे आरंभलेले घर अर्धवट सोडण्यासारखे झाले. कोणा मुलीच्या तिन्ही टोचण्या झालेल्या, कोणाच्या दोन, आणि ४,९५० मुलींची एकच. त्यांना पुढची टोचणी देता येत नव्हती. शास्त्राच्या रूढ नियमांप्रमाणे अशा अभ्यासाची वही मिटून ठेवावयाची. पण संशोधकांनी उलटा विचार केला. टोचणी थांबविण्याचा हुकूम आहे, विचारपूस थांबविण्याचा नाही. ज्यांना एकच मिळाली, त्या मुलींनी ती स्वतःहून निवडली नव्हती आणि कोणा डॉक्टरानेही निवडली नव्हती. सरकारी आदेशाची तारीख कोणाच्या वाट्याला कोठे आली, एवढ्यावर सारे ठरले. म्हणजे नकळत एक तिसरा गट तयार झाला होता, जो मुद्दाम तयार करण्याची परवानगी तेव्हा कोणत्याही समितीने दिली नसती.

मग सुरू झाले ते दीर्घ काम, ज्यात बार्शीची जुनी सवय उपयोगी पडली. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली. लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी गर्भाशयमुखाचा नमुना घ्यावयाचा, असा नियम होता. मुलीचा पत्ता माहेरचा आणि ती नांदते सासरी. महाराष्ट्रात लग्न म्हणजे गाव बदलणे, आणि बहुधा नावही बदलणे. कागदोपत्री ती मुलगी जणू नाहीशीच होते. तिला शोधावयाचे, सासरच्या माणसांना समजावयाचे, आणि संकोचाच्या त्याच जुन्या भिंतीतून वाट काढावयाची. लस न घेतलेल्या, तिच्याच वयाच्या विवाहित स्त्रियाही तुलनेसाठी पाहिजे होत्या. त्याही मिळविल्या.

२०२१ मध्ये सरासरी नऊ वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सोळा व अठरा या प्रकारांचा संसर्ग शरीरात ठाण मांडून बसण्यापासून तीन टोचण्यांनी ९३.३ टक्के संरक्षण मिळाले, दोहोंनी ९३.१ टक्के, आणि एका टोचणीने ९५.४ टक्के. या आकड्यांतील किरकोळ कमीजास्तपणाला अर्थ नाही; तिन्ही सारखेच म्हणावयाचे. रक्तातील प्रतिपिंडे एका टोचणीनंतर कमी प्रमाणात असतात हे खरे, पण ती त्या पातळीवर वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्या पोकळ कुपीच्या पृष्ठभागावर एकाच नक्षीची दाट पुनरावृत्ती असते, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा अशा नक्षीला फार लवकर व फार काळ ओळखते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. आफ्रिकेतील केनियात याच प्रश्नावर रीतसर, चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासाचे उत्तर २०२२ मध्ये आले, तेही हेच होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक टोचणीही पुरेशी मानावयास हरकत नाही, असे जाहीर केले. ज्या देशांना दोन टोचण्यांचाही खर्च झेपत नव्हता, त्यांच्या तिजोरीत एका ओळीने दुप्पट मुलींची लस आली.

महाराष्ट्राचा यातला आणखी एक धागा पुण्याचा. तेथील सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय लसीला जुलै २०२२ मध्ये परवाना मिळाला. तत्पूर्वी २०१६ मध्ये दिल्ली सरकारने अकरा ते तेरा वर्षांच्या मुलींसाठी आणि पंजाबने भटिंडा व मानसा या जिल्ह्यांत टोचणी सुरू केली होती. सिक्कीमने तर २०१८ मध्ये ती राज्यभर नेली, आणि शाळांच्या द्वारे जवळजवळ प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचविली. सिक्कीम हे त्या थांबलेल्या अभ्यासाचेही एक केंद्र होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२४ मधील केंद्रीय अंदाजपत्रकाच्या भाषणात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला शासन उत्तेजन देईल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. लस म्हणजे सर्व काही नव्हे, हेही तितकेच खरे. ज्या स्त्रियांचे लसीचे वय केव्हाच उलटून गेले, त्यांना चाचणीच हवी. आणि लस घेतलेल्या मुलीलाही, उरलेल्या प्रकारांसाठी, पुढे तपासणीची गरज राहतेच. उस्मानाबादच्या अभ्यासाची उपयुक्तता लसीने संपलेली नाही.

बार्शीचे काम २०२१ मध्ये थांबले नाही. सरासरी बारा वर्षांच्या पाठपुराव्याचा पुढला अहवाल २०२४ मध्ये निघाला. त्याच्या लेखकांत पहिले नाव बार्शीच्याच संशोधकाचे आहे. एका टोचणीचे संरक्षण तेव्हाही नव्वद टक्क्यांच्या वरच होते. २००९ मध्ये ज्या मुली अठरा वर्षांच्या होत्या, त्या आता चौतिशी ओलांडत आहेत. बार्शी आणि परांड्याकडच्या खेड्यांत अशा वयाच्या स्त्रियांच्या घरी शाळेत जाणाऱ्या मुली असतात. वर्षादोन वर्षांनी नमुना मागावयास आणि खुशाली विचारावयास येणाऱ्या आरोग्यसेविकेला त्या घरांत चहा होतो, आणि दप्तर खांद्याला अडकवलेली एखादी मुलगी दारात उभी राहून आईला विचारते की, या बाई कोण.